भरतीचे मैदान आणि हाडांचे वेळापत्रक

सातारा, सांगली, बीड, बुलडाणा, नांदेड... जिल्हा कुठलाही असो, पहाटे पाचच्या सुमारास तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. डांबरी रस्त्याच्या कडेने पंधरा-वीस मुले ओळीने धावत असतात. कुणाच्या पायात स्पाइक्स, कुणाच्या पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट, तर कुणी अनवाणीच. पुढच्या वळणावर त्यांच्याच वयाच्या मुलींचा वेगळा गट. अग्निवीर, पोलीस, राज्य राखीव दल, निमलष्करी दले... जाहिरात कुठली निघेल याचा नेम नसतो, पण सराव वर्षभर चालूच राहतो.

या सरावामागचे गणित कठोर आहे. लष्कराच्या अग्निवीर भरतीत आजवरच्या निकषांनुसार १.६ किलोमीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत कापणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळाले आहेत. त्याहून थोडा जरी उशीर झाला तरी गुण घसरतात. ज्याला मैदानावर सगळे ‘बीम’ म्हणतात, त्या पुल-अप्स दहा निघाल्या तर आणखी ४० गुण. शिवाय नऊ फुटांचा खंदक आणि नागमोडी पट्टीवरचा तोल. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जोडीला १०० मीटर धाव आणि गोळाफेक. एका गुणावर मेरिट हुकते आणि वयाची अट मागे लागलेली असते. साहजिकच जो तो स्वतःला एकच गोष्ट बजावतो : अजून धाव.

अडचण नेमकी इथेच सुरू होते. भरतीच्या तोंडावर नडगी धरून बसलेला, ‘काल परवापर्यंत चांगला पळत होता’ असा मुलगा प्रत्येक अकॅडमीत एखादा तरी असतो. त्याने आळस केलेला नसतो. उलट, शरीराला सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्याने दिलेला नसतो.

फुप्फुसे पुढे, हाडे मागे

सराव सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, दम कमी लागतो. स्नायूंना काही आठवडे पुरतात. स्नायुबंध आणि हाडे मात्र महिन्यांच्या हिशेबाने चालतात.

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. त्यावर नवा भार आला की शरीर ते नव्याने बांधायला घेते. ही बांधणी आपल्याकडच्या रस्त्याच्या कामासारखी असते : आधी खोदकाम, भरणी नंतर. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशींचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, पण नवे हाड भरून ते पक्के व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे अचानक सराव वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाड काही काळ पूर्वीपेक्षा कमजोर असते. दुर्दैवाने नेमक्या याच काळात दम वाढलेला असतो, अंगात उत्साह असतो आणि मुलगा पाच किलोमीटरवरून दहावर जातो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. दहा किलोमीटरमध्ये अशी हजारो पावले पडतात. खोदलेल्या रस्त्यावरून भरलेले ट्रक सोडावेत, तसाच हा प्रकार.

यातून हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. तिला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. नडगीचे हाड आणि पावलाची लांब हाडे या तिच्या नेहमीच्या जागा.

सैन्यांनी शिकलेला धडा

या दुखण्याची पहिली नोंद सैन्यातलीच आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यानंतर सैनिकांच्या पावलांना येणारी वेदनादायक सूज नोंदवून ठेवली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता, त्यामुळे कारण कळले नाही. पुढे क्ष-किरणांनी दाखवले की ती सूज म्हणजे पावलाच्या हाडाला पडलेली चीर होती. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव तिथून रूढ झाले.

त्यानंतर अनेक देशांच्या सैन्यांनी या प्रश्नावर संशोधन केले. इस्रायली सैन्याच्या पायदळातील २९५ नव्या जवानांवरचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा आठवड्यांच्या प्रशिक्षणात त्यांतील ३१ टक्के जवानांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाले होते. बूट बदलून पाहिले, बुटातल्या गाद्या बदलून पाहिल्या. पुढची पंचवीस वर्षे असे नाना उपाय झाले. शेवटी मोठा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी : रात्री किमान सहा तासांची सक्तीची झोप आणि एकूण चालण्याच्या अंतरात कपात. या दोन्हींमुळे स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले.

अमेरिकेच्या मरीन दलाचा अनुभव तर ‘अजून धाव’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. तिथे बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणातील धावण्याचे एकूण अंतर ५५ मैलांवरून ३३ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवरून ५३ किलोमीटरवर आणले गेले. स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आणि तीन मैलांच्या अंतिम धावेची सरासरी वेळ? ती थोडीशीच वाढली. जास्तीच्या ३५ किलोमीटरने वेगात फारशी भर घातलीच नव्हती. भर पडली होती ती जखमींच्या यादीत.

मैदानावरचे आणखी दोन समजही अशाच अभ्यासांत टिकले नाहीत. ऑस्ट्रेलियन सैन्यातील दीड हजारांवर जवानांच्या अभ्यासात, व्यायामाआधी स्नायू ताणून धरण्याने पायाच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. धावण्याआधी अंग गरम करणे आवश्यकच आहे, पण त्यासाठी सावकाश जॉगिंग, गुडघे उचलणे, पाय झुलवणे अशा हालचाली अधिक कामाच्या. दुसरा समज बुटांचा. तळपायाच्या कमानीचा आकार पाहून बूट नेमून दिल्याने दुखापती घटतात का, हे अमेरिकी सैन्याच्या तीन दलांत तपासले गेले. फरक आढळला नाही. मापाचे, न झिजलेले आणि पायाला सोयीचे बूट पुरेसे असतात. कर्ज काढून महागडे बूट घेण्याची गरज नाही.

याच संशोधनाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. प्रशिक्षणात सर्वाधिक जखमी होतात ते आधीपासून कमी तंदुरुस्त असलेले, व्यायामाची सवय नसलेले आणि धूम्रपान करणारे. त्यामुळे सराव कमी करा, असा याचा अर्थ नाही. सराव लवकर सुरू करा आणि सावकाश वाढवा, असा आहे.

कुठले दुखणे सोसावे, कुठले नाही

मांडीत किंवा पोटरीत दुसऱ्या दिवशी येणारा ठणका, दोन्ही पायांत सारखा, दोन-तीन दिवसांत ओसरणारा, हे सरावाचे नेहमीचे लक्षण आहे. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर नव्हे तर वीतभर लांबीत दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा ‘शिन स्प्लिंट’ असतो. तो धावणे कमी करण्याचा इशारा आहे.

पण वेदना हाडावर एकाच जागी, बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी असेल; धावताना ती वाढतच जात असेल; त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण खुब्याजवळची चीर सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, हेही माहीत हवे. ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘पळायला हरकत नाही’ असा होत नाही. वेळेत थांबलेल्याची नडगी साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वेदनाशामक गोळी खाऊन धावणाऱ्याचे मात्र अख्खे वर्ष जाऊ शकते. रिकाम्या पोटी, घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. मैदानाआधी कुणी ‘ताकदीचे’ इंजेक्शन देऊ केले तर त्याला सरळ नकार द्यावा.

थकव्याचा एकत्रित हिशेब

अतिसराव फक्त हाडांत दिसत नाही. युरोप आणि अमेरिकेतील क्रीडाविज्ञानाच्या संस्थांनी २०१३ मध्ये एकत्रितपणे त्याच्या पायऱ्या मांडल्या. काही दिवसांच्या विश्रांतीने भरून निघणारा आणि त्यानंतर कामगिरी सुधारणारा थकवा ही पहिली पायरी. ती सरावाचा भागच आहे. आठवडेच्या आठवडे न भरून निघणारा थकवा ही दुसरी. महिनोन्महिने कामगिरी खालावलेली राहणे ही तिसरी, म्हणजे खरा अतिसराव. तो ओळखणारी एकही खात्रीची रक्तचाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉईड, क्षयरोग यांसारखी कारणे वगळूनच निदानाकडे जावे लागते.

लक्षणे मात्र घरच्या घरी टिपता येतात. मेहनत तेवढीच किंवा जास्त, पण घड्याळातली वेळ वाढत चाललेली, झोपेत खंड, भूक मंदावलेली, किरकोळ कारणावरून चिडचिड, सर्दी-खोकला वारंवार. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावरची नाडी मोजून वहीत लिहिण्याची सवय यासाठी उपयोगी पडते. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी सलग तीन-चार दिवस चढी राहिली, तर शरीर सावरलेले नाही असे समजावे.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. शरीर सरावाचे कष्ट आणि पोटापाण्याचे कष्ट वेगळे मोजत नाही. मार्केट यार्डात पोती उचलणारा, ऊसतोडीला जाणारा, रात्रपाळी करणारा किंवा रात्री एकपर्यंत लेखी परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि दिवसभर अकॅडमीच्या वसतिगृहात राहणारा मुलगा यांना एकच वेळापत्रक लागू होऊ शकत नाही. ज्या दिवशी शेतात आठ तास काम झाले, त्या दिवशी संध्याकाळची धाव वगळणे हा आळस नसतो. तो दिवस सरावाचाच झालेला असतो.

सोळा आठवड्यांची आखणी

जाहिरातीची वाट पाहत बसण्यापेक्षा हाताशी चार महिने ठेवून सुरुवात करणे उत्तम. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्यातून तीन-चार दिवस, एक आड एक, वीस ते तीस मिनिटे. थोडे धावणे, थोडे चालणे. वेग एवढाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. शक्यतो मातीवर किंवा मैदानावर. मधल्या दिवशी बैठका, लंजेस, टाचा उचलणे, दंड आणि पोट-पाठीचे व्यायाम.

पाचव्या ते बाराव्या आठवड्यात एक दिवस वेगाचा असावा. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरची फेरी सुमारे ८२ सेकंदांत. या वेगाने सुरुवातीला चार आणि पुढे सहापर्यंत फेऱ्या माराव्यात, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटे चालावे. ज्याला आज फेरीला ९५ सेकंद लागतात, त्याने ९३ पासून सुरुवात करावी. थेट ८२ नव्हे. दुसरा दिवस मध्यम वेगाच्या सलग धावेचा, तिसरा लांब पण संथ धावेचा. सलग दोन दिवस जोराची धाव नको. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर एक तृतीयांशाने कमी करावे. मघाशी सांगितलेली हाडाची ‘भरणी’ त्या काळात होते. ‘दर आठवड्याला दहा टक्के वाढ’ हा प्रसिद्ध नियम एक अंदाज आहे, कायदा नव्हे. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला, तेव्हा त्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नव्हते. आकड्यापेक्षा नडगी काय सांगते ते ऐकलेले बरे.

बीमचेही तसेच. रोज दम संपेपर्यंत लटकण्याने कोपर आणि खांदे धरतात. एकही निघत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी वर न्यावी आणि पाच सेकंदांत सावकाश खाली यावे. पाच निघत असतील तर तीन-तीनचे अनेक संच, आठवड्यातून तीन दिवस. खंदकाच्या उडीचा सराव मऊ वाळूत आणि ताज्या पायांनी करावा, धावून थकल्यावर नव्हे.

घड्याळ लावून पूर्ण ताकदीची १६०० मीटर धाव दोन-तीन आठवड्यांतून एकदाच पुरे. रोज परीक्षा दिल्याने अभ्यास होत नाही. आणि मैदानाची तारीख दहा दिवसांवर आली की अंतर निम्म्यावर आणावे; थोडा वेग कायम ठेवावा. या दिवसांत केलेली जादा मेहनत शरीरात मुरायला वेळच उरलेला नसतो. तिचा फक्त थकवा मैदानावर सोबत येतो.

ताट, झोप आणि ऊन

साठ किलोच्या उमेदवाराला या काळात दिवसाला साधारण ८५ ते १०० ग्रॅम प्रथिने लागतात. त्यासाठी डबाबंद पावडरच हवी असे नाही. डाळ, मटकी-चवळीची उसळ, अंडी, दूध-दही, शेंगदाणे, फुटाणे, परवडेल तेव्हा मासे किंवा चिकन यांतून ती भागतात. पण त्याआधी पोटभर भाकरी, पोळी, भात हवा. वजन उतरवण्याच्या नादात जेवण तोडणारा धावपटू हाडांचे कॅल्शियम आणि संप्रेरके दोन्ही गमावतो. मुलींमध्ये याची खूण स्पष्ट असते : पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘व्यायामामुळे होतेच’ म्हणून ते सोडून देऊ नये. सलग तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. देशातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळतो, त्यामुळे दम वाढत नसेल तर हिमोग्लोबिन तपासणे हे सराव वाढवण्याआधीचे पाऊल. जेवणासोबत चहा टाळावा, पानात लिंबू असावे. लोह अंगी लागते. अमेरिकी नौदलातील पाच हजारांवर महिला प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासात कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे नाचणी, तीळ आणि दूध हाताशी आहेत. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

उन्हाची गोष्ट मात्र जिवावरची आहे. २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत, जिथे पुरुषांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे होते, दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ज्याने फक्त पहाटेच्या गारव्यात सराव केला आणि ज्याचा नंबर मैदानावर साडेदहाला लागला, त्याला ही सवयच नसते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा सराव उशिराच्या उन्हात करावा. तापात, जुलाबात किंवा रात्रभर रेल्वे स्थानकावर जागून धावू नये. धावताना कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. १०८ ला फोन करतानाच त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत आणि मिळेल तेवढे गार पाणी अंगावर ओतत राहावे.

जोराच्या सरावानंतर स्नायू सुजून असह्य दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, तर स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडे धोक्यात आली असण्याची शक्यता असते. तासांतच रुग्णालय गाठावे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील उमेदवारांसाठी इथे आणखी एक मुद्दा आहे : सिकलसेलचे वाहक असणे. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, पण अशा स्नायू-विघटनाचा धोका सुमारे दीडपट होता. वाहक असल्याने धावणे बंद करावे लागत नाही. वाढ अधिक सावकाश ठेवायची, पाणी आणि विश्रांती काटेकोर ठेवायची, एवढेच. त्यासाठी आधी ते माहीत असायला हवे. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते.

यादीत नाव लागल्यानंतर

मैदान मारले, यादीत नाव लागले की गुलाल उधळला जातो आणि बूट कोनाड्यात जातात. प्रशिक्षणाला बोलावणे यायला अनेकदा काही महिने लागतात. तेवढ्या विश्रांतीत कमावलेला दम ओसरतो. मग बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असो, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र असो की खडकीचे बॉम्बे सॅपर्स. पहिल्याच आठवड्यापासून पीटी, जड बुटांतली कवायत, पाठीवर ओझे आणि अपुरी झोप एकदम सुरू होते. हाडाच्या दृष्टीने हा सर्वांत धोक्याचा काळ. पुढच्या चाचण्यांत पाठीवर सामान घेऊन पाच किलोमीटरची धाव आणि दोरावर चढणेही असते. तिथे १६०० मीटरचा वेग एकटा पुरत नाही.

म्हणून मधले महिने रिकामे जाऊ देऊ नयेत. आठवड्यातून तीन दिवस संथ धाव, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस घोट्यापर्यंतच्या बुटांत चालणे. पाठीवर आधी पाच किलो, मग हळूहळू दहा. ओझे घेऊन चालावे, धावू नये. चेंडूचे खेळही चांगले. प्रशिक्षणापूर्वी किमान दोन वर्षे नियमित बास्केटबॉलसारखे खेळ खेळलेल्या इस्रायली जवानांत स्ट्रेस फ्रॅक्चर कमी आढळले होते. वेगवेगळ्या दिशांनी पडणारा भार हाडाला सगळ्या बाजूंनी मजबूत करतो. प्रशिक्षणाच्या आधीचा आठवडा हलका ठेवावा.

आणि तिथे पोहोचल्यावर दुखणे लपवू नये. आजारी पडलेला जवान कामचुकार ठरेल या भीतीने नडगीची चीर दडवली जाते आणि आठ आठवड्यांत भरणारे हाड मोडून पडते. वेळेत सांगितले तर मागच्या तुकडीबरोबर प्रशिक्षण पूर्ण करता येण्याची शक्यता राहते. हाड पूर्ण मोडले तर ती शक्यताही धूसर होते.